फिल्टर केवढा हवा? अर्थात आण्णांचा हौद आणि लंडनचे दोन मासे

तर झालं असं, की गेल्या दिवाळीला घरी नगरला गेलो (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी अजून नगरच) आणि पुतणीने हट्ट धरला की तिला मासे पाहिजेत. वय वर्षं सात. हट्ट मोडणं शक्य नव्हतं. मग काय, काकाने गाडी काढली आणि दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी, रंगीत खडे, प्लॅस्टिकचं झाड आणि चार गोल्डफिश असा सगळा लवाजमा घेऊन आम्ही सावेडीला परत आलो.

दुकानात एकच अवघड प्रश्न विचारला गेला होता. "फिल्टर केवढा देऊ?"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे सर्व्हर निवडताना शंका आली की एक साईझ मोठा घ्यायचा असतो, पैसे कंपनीचे असतात. त्याच थाटात मी म्हटलं, "सगळ्यात मोठा द्या." खोक्यावर लिहिलं होतं ताशी १२०० लिटर. लावल्यावर टाकीत असा काही प्रवाह सुरू झाला की बिचारे मासे सीना नदीला पूर आल्यासारखे एका कोपऱ्यात जाऊन बसले. पण पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ! पुतणी खूश, काका खूश.

आठव्या दिवशी स्पंज थोडा मळलेला दिसला म्हणून मी तो नळाखाली धरून साबण न लावता, पण अगदी पांढराशुभ्र होईपर्यंत पिळून धुतला. (साबण लावला नाही याचा केवढा अभिमान होता तेव्हा.) नवव्या दिवशी दोन मासे गेले. दहाव्या दिवशी उरलेले दोन. पाणी तेव्हाही स्वच्छच होतं.

पुतणी रडली नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, "काका, फिल्टर तर चालू होता ना?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, आणि हा सगळा लेख त्या उत्तरासाठीच आहे.

त्याच शनिवारी आम्ही गावाकडे गेलो. गाव राहुरीकडचं. तिथे गोठ्याशेजारी आमच्या आजोबांचा, म्हणजे आण्णांचा, दगडी हौद आहे. जनावरांना पाणी पाजायचा. सहा फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट खोल. आत हिरवंगार शेवाळ आणि त्यात तीस-चाळीस गप्पी मासे. हे मासे डासांच्या अळ्या खातात म्हणून कधीतरी आरोग्य खात्याच्या माणसाने आणून सोडले होते, त्यांच्या किती पिढ्या तिथे झाल्या कोणालाच माहीत नाही. फिल्टर नाही, मोटर नाही, कोणी वेगळं खायलाही घालत नाही.

आण्णांना आमची कथा कळली तेव्हा ते म्हणाले, "एवढी मशीन लावली तरी मेले व्हय?"

झालं! इंजिनियरच्या जिव्हारी लागेल असं यापेक्षा काय असू शकतं? पुण्याला परत आल्यावर पुढचे तीन वीकेंड मी फक्त फिल्टर या एका गोष्टीचा इतिहास वाचत बसलो. आणि असं लक्षात आलं, की 'फिल्टर केवढा हवा' हा प्रश्न माणसाने गेली दोन-अडीचशे वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी सोडवला आहे आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला माझ्यासारखंच चुकीचं उत्तर दिलं आहे.

नगरचे नळ

सुरुवात घरापासूनच करू. पाण्याचा आकार केवढा, हा प्रश्न नगरकरांना नवीन नाही. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच परिसरात आपली राजधानी वसवली. शेजारी सीना नदी होती, पण सीना ही काय बारमाही वाहणारी नदी नव्हे. मग शहराला पाणी कुठून?

निजामशाहीतल्या लोकांनी उत्तर शोधलं ते जमिनीखाली. कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गावांकडून, जिथे जमिनीची पातळी शहरापेक्षा उंच आहे तिथून, दगड-चुन्याच्या बांधकामात बसवलेले मातीचे नळ शहरापर्यंत आणले. यांनाच खापरी नळ म्हणतात. पंप नाही, काही नाही, फक्त उतार. १८८४ साली छापलेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या नळांचं वर्णन आलं आहे, म्हणजे तोपर्यंतही ते विस्मरणात गेलेले नव्हते. शहराबाहेर हश्त-बिहिश्त बाग आणि फराहबाग (आपली फऱ्याबाग) हे महाल तर चक्क तलावाच्या मधोमध उभे केले होते आणि हे तलावही दुरून आणलेल्या पाण्यावर भरत होते. आज फऱ्याबागेत गेलात तर महाल उभा आहे, भोवतीचा तलाव कोरडा आहे.

या सगळ्यात मला पटलेली गोष्ट अशी, की या नळांचं काम वेगावर चालत नव्हतं. नळ तसा बारीकच, पण तो रात्रंदिवस वाहायचा आणि हौद भरत राहायचे. अशा नळांवर ठिकठिकाणी उभे झरोके ठेवलेले असायचे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजहून जो नळ आणला त्याच्या बाबतीत यांना 'उच्छ्वास' असा सुंदर शब्द आहे. तिथे नळातली हवा बाहेर पडते आणि माणसाला आत उतरून साफसफाई करता येते. वाटेत पाणी थोडं थांबवलं की गाळ खाली बसतो. म्हणजे गाळण्याचं पहिलं साधन कोणतं? तर पाण्याला दिलेला वेळ!

पण तरीही हे झालं गाळाचं. गाळ बसला की पाणी स्वच्छ *दिसतं*. माझ्या टाकीतलं पाणीही स्वच्छ दिसतच होतं की. मग मासे का मेले? या प्रश्नासाठी नगर सोडून लंडनला जावं लागतं, कारण माशांना काचेच्या भांड्यात ठेवून मुद्दाम हिशेब मांडणारा माणूस तिथे भेटतो.

दोन गोल्डफिश आणि एक रसायनशास्त्रज्ञ

या माणसाचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. लंडनच्या अपोथेकरीज हॉलमध्ये, म्हणजे औषधविक्रेत्यांच्या संस्थेत, तो रसायनशास्त्रज्ञ होता. १८४९ मध्ये त्याने बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात वाळू, माती आणि दगड घातले, व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. कल्पना सरळ होती. मासे श्वासातून जो वायू सोडतील तो वनस्पती घेईल, वनस्पती जो प्राणवायू सोडेल तो मासे घेतील. पाणी बदलायलाच नको.

थोडे दिवस सगळं ठीक चाललं. मग वनस्पतीची जुनी पानं कुजायला लागली आणि पाणी गढूळ झालं. वॉरिंग्टनने यावर काय केलं असेल? त्याने पाच-सहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, पाणी निवळलं आणि भांडं सुरळीत चालू लागलं. १८५० मध्ये त्याने यावर निबंध प्रसिद्ध केला. १८५३ मध्ये लंडनच्या रीजेंट्स पार्कमध्ये लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉसच्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घराघरात नेला आणि इंग्लंडमध्ये मध्यमवर्गीय घरांत काचेच्या टाक्यांचं वेडच पसरलं.

आता नीट बघा. बारा गॅलन म्हणजे साधारण ५४ लिटर. माझी टाकी ६० गुणिले ३० गुणिले ३० सेंटीमीटर, म्हणजे तीही बरोब्बर ५४ लिटर! त्याच्याकडे दोन छोटे मासे, माझ्याकडे चार. त्याच्याकडे खरी वनस्पती, माझ्याकडे प्लॅस्टिकची. त्याच्याकडे गोगलगायी, माझ्याकडे ताशी १२०० लिटरची मोटर. त्याचे जगले, माझे मेले.

वॉरिंग्टनला उत्तर मिळालं होतं, पण ते का लागू पडतं याचं कारण त्यालाही पुरतं कळलं नव्हतं. त्याला वाटत होतं सगळी कमाल प्राणवायूची आहे. हजारो लोकांनी त्याचं बघून टाक्या भरल्या, त्यात हौसेने जास्तीचे मासे कोंबले आणि मासे पटापट मेले. काही वर्षांत ते वेड ओसरलंही.

त्यातून एक माणूस शहाणपण शिकला. विल्यम आल्फर्ड लॉइड. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जे मोठं मत्स्यालय उघडलं त्याची रचना त्याची. लोकांना दिसायच्या त्या टाक्यांतलं पाणी त्याने जमिनीखालच्या एका अंधाऱ्या हौदातून सतत फिरवत ठेवलं आणि हा न दिसणारा हौद दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा ठेवला. म्हणजे मासे थोडे, पाणी भरपूर. आण्णांचा हौद, फक्त इंग्रजी थाटाचा!

वीस दिवसांचं कोडं

दरम्यान दुसऱ्या एका गोष्टीवर काम चाललं होतं. १८०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या पेझली गावात जॉन गिब नावाच्या कारखानदाराने पाणी वाळूतून गाळून विकायला सुरुवात केली आणि १८२९ मध्ये जेम्स सिम्प्सनने लंडनच्या चेल्सी कंपनीसाठी मोठा वाळूचा फिल्टर बांधला. सगळ्यांची समजूत एकच, की वाळू म्हणजे चाळणी. जेवढी बारीक तेवढी बरी. पण अनुभव वेगळाच येत होता. अगदी नवा, स्वच्छ धुतलेल्या वाळूचा फिल्टर नीट काम करत नसे. त्यावर काही दिवसांनी एक चिकट थर साठला की मगच पाणी चांगलं यायचं. आणि पाणी सोडायचं ते अगदी सावकाश, तासाला जेमतेम दहा-पंधरा सेंटीमीटर उतरेल एवढंच.

या सावकाश फिल्टरची ताकद जगाला दिसली ती १८९२ मध्ये. जर्मनीत हॅम्बुर्ग आणि अल्टोना ही एकमेकांना चिकटलेली शहरं, दोघं एल्बे नदीचंच पाणी पीत. हॅम्बुर्ग न गाळता पीत असे. अल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या बाजूला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेलं पाणी घेत असे, पण वाळूतून गाळून. पटकीची साथ आली, हॅम्बुर्गमध्ये साधारण ८६०० माणसं मेली. अल्टोना बऱ्याच अंशी वाचलं. त्या चिकट थरात जिवंत काहीतरी आहे आणि तेच काम करतंय, हे तोवर शास्त्रज्ञांना कळून चुकलं होतं.

हे कळलं कसं, ती गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या उंच नळीतून गटाराचं पाणी हळूहळू सोडलं. पहिले वीस दिवस काहीच झालं नाही. पाण्यात जेवढा अमोनिया वरून गेला तेवढाच खालून बाहेर आला. आणि मग अचानक अमोनिया नाहीसा व्हायला लागला, त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागलं. आता रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्या दिवसापासून झाली असती, वीस दिवस वाट कशाला बघेल? वाट बघतो तो जीव. खात्री करायला त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद! मग थोडी जिवंत माती कालवलेलं पाणी ओतलं, आणि काही दिवसांनी काम परत सुरू झालं.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गप्प बसलो. वीस दिवस! आणि मी आठव्या दिवशी स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली धरला होता. त्यांनी प्रयोग म्हणून जे केलं ते मी टापटीप म्हणून केलं.

आता गंमत बघा. हा शोध वाचून इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एकाने ते काम पुढे नेलं आणि दाखवून दिलं, की हे एका जीवाचं काम नाही, दोन टप्पे आहेत. एक जीव अमोनियाचा नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचा नायट्रेट. या माणसाचं नाव काय असेल? रॉबर्ट वॉरिंग्टन! त्या टाकीवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा, नावही तेच. बापाने टाकीचं गणित मांडलं तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. बाप १८६७ मध्ये वारला. मुलाने जे शोधलं ते शेतातल्या मातीसाठी होतं, पण बापाच्या टाकीचं उरलेलं उत्तर त्यातच होतं. हे जीव वेगळे काढून वाढवणं मुलाला जमलं नाही, ते १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने केलं. आणि घरगुती टाक्यांमध्ये दुसऱ्या टप्प्याचं काम नक्की कोणते जीवाणू करतात, याबद्दलची जुनी समजूत १९९८ मध्ये परत बदलावी लागली, म्हणजे हा विषय काही संपलेला नाही.

तर मग केवढा?

या इतिहासाचा अर्थ लावला तर खोक्यावरचा 'ताशी १२०० लिटर' हा आकडा फक्त पाणी किती फिरतं ते सांगतो. फिल्टरला खरं काम कोण देतं? मासे. आणि माशांना कोण देतं? आपण, चिमटीने.

हिशेब करून बघू. मत्स्यशेतीत एक ढोबळ नियम वापरतात, त्यानुसार ४० टक्के प्रथिनं असलेलं एक ग्रॅम खाद्य दिलं की साधारण ३७ मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. माझ्या टाकीतून खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली तर खरं पाणी ४५ लिटर. मी आणि पुतणी मिळून दिवसाला दोनेक ग्रॅम तरी टाकत होतो (मासे तोंड उघडतात म्हणजे त्यांना भूक लागली, असा तिचा सिद्धांत). म्हणजे रोज लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर भर. मोटर तेच पाणी तासाला पंचवीस वेळा फिरवत होती, पण स्पंजवर जीवाणूच नव्हते. मी विष अतिशय कार्यक्षमपणे ढवळत होतो, बस्स.

त्यात नगरचं पाणी. टाकी भरली होती बोअरच्या पाण्याने, आणि आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड असतं, त्याचा पीएच बहुधा ८ च्या आसपास. अमोनियाचा एक अंश अतिशय विषारी असतो, बाकीचा त्यामानाने सौम्य. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर हा विषारी अंश अर्धा-पाऊण टक्का, आणि पीएच ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे जवळपास दहापट! मुंबईच्या मऊ तलावाच्या पाण्यात ज्याचं निभावून जातं, त्याचं नगरमध्ये निभावेलच असं नाही. पण या जड पाण्याची एक चांगली बाजूही आहे. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंना त्यातले क्षार लागतात. श्लोझिंगच्या नळीत चुनखडी उगीच नव्हती.

तर माझ्यापुरते ठरवलेले नियम असे.

पहिला: टाकी मोजा. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये, गुणाकाराला हजारने भागा, आलेल्या लिटरमधून पंधरा टक्के वजा करा.

दुसरा: त्या पाण्याच्या चार ते सहा पट ताशी प्रवाह पुरतो. ४५ लिटरला साधारण २२५. खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, स्पंज भरून, तो मळून, पाणी वर चढवून तो बराच खाली येतो. म्हणून खोक्यावर ३०० ते ४०० असलेला घ्या. माझा १२०० चा फिल्टर तीन फूट बाय दीड फूट बाय दीड फूट टाकीला, म्हणजे दीडशे लिटर खऱ्या पाण्याला छान बसला असता. थोडक्यात, फिल्टर बरोबर होता, टाकी चुकली :-)

तिसरा: दोन फिल्टरमध्ये निवडायची वेळ आली तर आकडा बघू नका, आत स्पंज किती आहे ते बघा. अर्धा लिटर आकाराच्या स्पंजच्या सगळ्या छिद्रांचा पृष्ठभाग मिळून ढोबळमानाने चहाच्या छोट्या टेबलाएवढा होतो. जीवाणूंची वस्ती तिथे. थोडेसे गप्पी असतील तर हवेच्या छोट्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टरही भरपूर झाला. गोल्डफिश हा मात्र खादाड आणि घाण करणारा गडी, त्याला मोठी टाकीच लागते. ती नसेल तर गोल्डफिशच घेऊ नका.

चौथा: स्पंज नळाखाली कधीही धुऊ नका. नगरला मुळा धरणाचं पाणी शुद्ध होऊन, क्लोरीन मिसळून येतं. ते आपल्या पोटासाठी उत्तम, पण स्पंजवरच्या जीवाणूंना तेच मारक. टाकीतलंच पाणी बादलीत काढा, त्यात स्पंज दोनदा दाबा, पुरे. मळकट दिसू दे.

पाचवा आपल्याकडचा: वीज. २००५ नंतरच्या त्या भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी टाक्या ठेवल्या त्यांना हे विचारा. मोठा बंद डब्याचा फिल्टर काही तास बंद पडला की आतला प्राणवायू संपतो, जीवाणू गुदमरतात, आणि वीज आली की ते सगळं टाकीत येतं. लहान स्पंज टाकीतच असल्यामुळे त्यामानाने टिकतो. बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप घरात असू द्यावा.

हौदाचं उत्तर

आता आण्णांच्या हौदाचं काय? सहा गुणिले चार गुणिले तीन म्हणजे ७२ घनफूट, साधारण दोन हजार लिटर. त्यात बोटाच्या पेराएवढे तीस-चाळीस मासे. भिंतीभर शेवाळ, म्हणजे वॉरिंग्टनची वनस्पती. शेवाळावर आणि दगडावर वर्षानुवर्षं बसलेले जीवाणू, म्हणजे श्लोझिंगची नळी. आणि रोज बैल आणि गाई मिळून दीडशे-दोनशे लिटर पाणी पितात, आण्णा तेवढं परत भरतात, म्हणजे रोज पाण्याचा जवळपास दहावा हिस्सा बदलतो. हौदाला फिल्टर नाही असं मी समजत होतो. प्रत्यक्षात आख्खा हौदच फिल्टर आहे आणि मासे त्याच्या मानाने इतके थोडे आहेत की तो कधी दमत नाही.

संक्रांतीच्या आदल्या महिन्यात मी नवीन छोटा स्पंज फिल्टर घेतला आणि टाकीत न लावता त्याचा नुसता स्पंज आण्णांच्या हौदात, जिथे मोटरचं पाणी पडतं तिथे, सुतळीने बांधून लोंबकळत ठेवला. आण्णांना वाटलं नातवाचं डोकं फिरलं. महिन्याभराने तो हिरवट, बुळबुळीत झाला. हौदाच्याच पाण्याने भरलेल्या झाकणाच्या बादलीत तो स्पंज आणि सहा गप्पी घालून आम्ही सावेडीला आणले. बादली पुतणीच्या मांडीवर. टाकीत या वेळी खरी वनस्पती लावली. खाद्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि चिमूट दिवसातून एकदाच, असा तहनामा झाला.

(एक सूचना: कंटाळा आला म्हणून गप्पी ओढ्या-नदीत सोडून देऊ नका. हा मासा मूळचा त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा, आपल्या स्थानिक माशांना तो त्रासदायक ठरतो.)

टाकी लावली तेव्हा पुतणी स्पंजकडे बघून म्हणाली, "काका, हा फिल्टर घाण आहे."

म्हटलं, "अगं, मागचा स्वच्छ होता ना, म्हणूनच मासे गेले. चालू होता, पण त्याच्यात राहायला कोणी आलंच नव्हतं. मी त्यांना यायला वेळच दिला नाही."

तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग आता कोण राहतं त्यात?"

"आण्णांच्या हौदातले."

हे तिला पटलं. आज पाच महिने झाले. सहाचे अठरा झालेत, आणि परवा फोनवर तिने नवीनच प्रश्न टाकलाय, "काका, आता फिल्टर केवढा लागेल?"

असो. पुढच्या शनिवारी नगरला चाललोय, मोजपट्टी घेऊन.